थर्माकोल कटर: दोन व्होल्ट गेले कुठं?

मागच्या नोंदीत शेगडीच्या कॉइलपाशी अडकलो होतो, तिथून पुढं.

दिवाळीच्या किल्ल्यात यंदा पन्हाळा करायचा आणि तीन दरवाजाच्या कमानी फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलमधून कापायच्या, असं भाच्याला कबूल करून बसलोय. ब्लेडनं कापलं की पांढरे दाणे घरभर होतात, म्हणून गरम तारेचा कटर. घरात शेगडीची २००० वॅटची कॉइल पडली होती. म्हटलं, एवढी दणकट कॉइल, १२ व्होल्टवर सहज तापेल. तर ती नुसती कोमट झाली.

हिशोब आधी करायला हवा होता. २००० वॅट हे २३० व्होल्टवर. म्हणजे रेझिस्टन्स २३० गुणिले २३० भागिले २०००, साधारण २६.५ ओहम. त्याला १२ व्होल्ट दिले की करंट ०.४५ अँपिअर आणि पॉवर जेमतेम ५.४ वॅट. तेही अख्ख्या लांब कॉइलभर पसरलेले.

तरी अक्कल आली नाही. उद्यमनगरात जाऊन "चाळीस वॅटची सरळ तार द्या" म्हणालो. दुकानदार हसला. "तारंत वॅट नसतंय भावा. गेज सांग, किती फूट ते सांग." दोन वाक्यांत विषय संपवला त्यानं. २८ गेजची नायक्रोम, म्हणजे हीटरच्या कॉइलला वापरतात तसली तार, घेऊन आलो.

२८ गेज म्हणजे ०.३७६ मिलिमीटर जाडी, मीटरला साधारण ९.८ ओहम. माझ्या धनुकलीला, म्हणजे तार ताणून धरणाऱ्या चौकटीला, ३५ सेंटीमीटर लागते, म्हणजे ३.४ ओहम. मल्टिमीटरनं ३.८ दाखवले, पण नुसते दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.४ दाखवतो. तेवढे वजा केले की जमलं. इतका लहान रेझिस्टन्स मोजताना हे वजा करायला विसरू नका.

(नायक्रोम तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही, म्हणून थंड तार मोजून हिशोब चालतो. फिलामेंटच्या बल्बला हे लावू नका. १०० वॅटचा जुना बल्ब थंड असताना चाळीसेक ओहम दाखवतो आणि पेटल्यावर हिशोबानं ५२९ येतात.)

रविवारी सप्लाय (व्होल्टेज कमीजास्त करता येतं तो डबा) क्लिपांनी तारेला जोडला आणि १२.० वर ठेवून सुरू केला. डिस्प्लेवर २.९ अँपिअर. १२ भागिले २.९, म्हणजे ४.१ ओहम. तार तर ३.४ ची! वरचे ०.७ आले कुठून?

तार मंद लाल झाली होती, त्यामुळं आधी वाटलं तापल्यामुळं वाढला असेल. पण नायक्रोम एवढी वाढत नाही. तेवढ्यात प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. तारेला चिमट्यासारख्या पकडणाऱ्या क्रोकोडाइल क्लिपांपैकी लाल क्लिपचं टोपण मऊ होऊन खाली ओघळत होतं.

मग मीटर व्होल्टवर लावून थेट तारेच्या दोन टोकांवर प्रोब ठेवले. बरोबर १०.० व्होल्ट. सप्लायवर १२, तारेवर १०. आता हिशोब जुळला: १० भागिले २.९ म्हणजे ३.४५ ओहम. हरवलेले दोन व्होल्ट क्लिपा आणि वायरींत होते. काळ्या बाजूला ०.४, लाल बाजूला १.६. त्या १.६ ला २.९ नं गुणा: ४.६ वॅट, त्यातले बरेचसे वाटाण्याएवढ्या जागेत. टोपण वितळणारच.

क्लिप उघडली तर आत वायर सोल्डर केलेलीच नव्हती, नुसती चेपलेली. बारीक तारांपैकी दोनच धरून होत्या. विकत आणलेल्या सगळ्या क्लिपा आता उघडून बघणार आहे.

या मोजामोजीत एक माती खाल्ली तीही सांगतो. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहिला आणि तसाच तारेच्या टोकांवर व्होल्ट बघायला लावला. त्या भोकातून मीटरचा रेझिस्टन्स जवळपास शून्य, म्हणजे सरळ शॉर्ट. सप्लायला करंट लिमिट होतं म्हणून डिस्प्ले शून्याकडं पडला, करंट लिमिट लागल्याचा (सीसी) दिवा लागला आणि मीटर वाचला. कारची बॅटरी असती तर प्रोबची टोकं गेली असती.

क्लिपा काढून पितळी स्क्रूचे टर्मिनल आणि १.५ स्क्वेअर एमएमची वायर लावली. तार तापली की लांबते आणि सैल पडते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग. आता सप्लायवर १२.० असताना तारेवर ११.८ व्होल्ट, ३.४ अँपिअर, ४० वॅट. हे भलतंच झालं. तार जवळ नेली की थर्माकोल टेकायच्या आधीच आक्रसून मागं सरकतो, आणि धूर निघतो. हा धूर नाकात घेऊ नका. मी गच्चीत काम करतो.

व्होल्टेज निम्मं केलं, ६ वर. मनात होतं २० वॅट होतील. तारेवर ५.९ व्होल्ट, १.७ अँपिअर, म्हणजे १० वॅट. व्होल्टेज निम्मं झालं की करंटही निम्मा होतो, म्हणून पॉवर पाव. सूत्र शाळेपासून पाठ आहे, पण लाल तार एकदम काळी पडलेली बघितली तेव्हा पटलं.

६ वर चीर अजून रुंद येत होती. ५ वर, म्हणजे १.४ अँपिअर आणि सातेक वॅटला, कड अगदी गुळगुळीत. हात मात्र सावकाश चालवावा लागतो. घाई केली की तार मध्ये वाकते आणि कमान तिरकी होते. पहिली तशीच झाली. भाचा म्हणतो, पडकी दाखवू.

तटबंदीला ६० सेंटीमीटरची धनुकली लागेल. तीच गेज, म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला तेवढीच उष्णता हवी तर करंट १.४ च ठेवायचा. तार ५.९ ओहमची, तर व्होल्टेज ८.३ आणि पॉवर साडेअकरा वॅटच्या आसपास. शनिवारी लावून बघतो, या वेळी प्रोब तारेच्या टोकांवर ठेवून.