ठिपके बघायचे!

आज जांबोटीहून कणकुंबीला जाताना रस्त्याकडेला जांभळाची एक फांदी मोडून पडलेली दिसली. तिच्यावर आमरी, म्हणजे ऑर्किड, तीही फुलासकट! गाडी बाजूला लावली आणि पावसात तिथेच उकिडवा बसलो.

मामा म्हणाले, "काय बघालास रे एवढं? सीतेची वेणी आहे की ती."

खरं आहे, आपल्याकडे लोंबणारा गुलाबी तुरा दिसला की नाव एकच. पण या नावाखाली निदान तीन वेगळ्या आमरी येतात. ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसाचा तुरा कोल्ह्याच्या शेपटीसारखा गच्च भरलेला असतो, ती चटकन कळते. घोळ होतो तो एरिडिस कुळीतल्या दोघींत, मॅक्युलोसा आणि क्रिस्पात. फूल तळहातावर घेतलं. फिकट गुलाबी पाकळ्या आणि त्यांवर जांभळे बारीक ठिपके, कुंकवाचं बोट झटकल्यासारखे. म्हणजे मॅक्युलोसा. लॅटिनमध्ये मॅक्युला म्हणजे डागच. क्रिस्पाच्या पाकळ्या पांढुरक्या असतात, त्यांवर ठिपके नसतात. तिच्या ओठाची, म्हणजे पुढच्या वेगळ्या पाकळीची, कड चुणीदार, झालरीसारखी असते, म्हणून क्रिस्पा. खोडही लांब वाढतं. दोघींना नावं दिली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडलीनं, 1833 मध्ये क्रिस्पाला आणि 1845 मध्ये मॅक्युलोसाला.

गेल्या जूनमध्ये मी इथे क्रिस्पा म्हणून टाकलेला फोटो आज पुन्हा मोठा करून पाहिला. ठिपके स्पष्ट आहेत. ती मॅक्युलोसा होती. नाव आत्ताच बदललंय. ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला असेल, त्यांनीही कृपया बदलावं.

फांदी कुजली असती, म्हणून मुळं न सोडवता तो तुकडा शेजारच्याच जांभळाच्या बेचक्यात सुतळीनं बांधलाय. मामांनीच गाठ मारली.