भातुकली, भोवरे आणि सावंतवाडीची लाकडी फळं भिंतीवर लावताना

खेळणी मांडायची काचेची पेटी करून घेताना सुताराला ‘चार इंच खोल पेटी’ एवढंच सांगितलं, तर तो बाहेरून चार इंच धरतो. मागचं ६ मिमी प्लाय आणि सरकत्या काचांचा दुहेरी चॅनल वजा जाता आत तीनच इंच उरतात आणि भातुकलीतला बंब काचेला टेकतो. म्हणून मी बाहेरून ५ इंच सांगितले, आत चार मिळाले. पेटी ३ फूट रुंद, २ फूट उंच, १२ मिमी मरीन प्लायची, समोर ४ मिमीच्या काचा. मधल्या दोन फळ्यांनी कप्पे केले ते ९, ७ आणि ६ इंचांचे. सारख्या उंचीच्या कप्प्यांत एवढीशी कळशी हरवून जाते, आणि पेटी दुकानातल्या मांडणीसारखी दिसते ती वेगळीच.

आतून ऑइलपेंट दिला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन आठवडे, काचा लावू नयेत. वरून कोरडा वाटणारा रंग आत मऊ असतो. त्यावर ठेवलेलं खेळणं चिकटतं आणि उचलताना तळाचा रंग सोडून येतं. पाठ गडद मातकट रंगाची ठेवली. लाल-पिवळ्या लाकडी खेळण्यांमागे पांढरा रंग डोळ्यांत घुसतो.

नुसत्या पेटीचंच वजन काचांसह बारा-तेरा किलो भरतं, त्यावर पितळ. दोन खिळ्यांवर हे टांगू नये. १८ मिमी प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशांत तिरकी चिरून घ्यायची. एक अर्धा भिंतीला, दुसरा पेटीच्या पाठीला, दोन्ही एकमेकांत अडकतात. भिंतीत ८ मिमीचं भोक, ८ मिमीची प्लास्टिकची गिट्टी, ५० मिमीचे चार स्क्रू. नव्या इमारतींत सायपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत असते, तिच्यात साधी गिट्टी नुसती गरगर फिरते. त्या भिंतीसाठी वेगळे, लांब अँकर मिळतात, तेच घ्यावेत. पेटी सरळ राहावी म्हणून खालच्या बाजूलाही १८ मिमीची एक पट्टी ठोकावी. त्यामुळे भिंत आणि पेटी यांच्यात हवा खेळते, आणि पावसाळ्यात या फटीचाच खरा उपयोग होतो. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या पेटीत जुलैत हमखास बुरशी धरते. भिंत गार असते, दमट हवा तिथेच ओल सोडते. सिलिका जेलच्या पुड्यांवर भिस्त ठेवू नका. सरकती काच हवाबंद नसते, पुड्या लवकर भरून जातात. शक्य असेल तर आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडावी.

दिव्याची पट्टी १२ व्होल्टची, ३००० केल्विनची (पिवळसर उजेडाची), वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, तोंड आत करून. मागच्या कडेला लावली की खेळण्यांच्या नुसत्या सावल्या दिसतात. तीन फुटांना साधारण साडेचार वॉट लागतात, १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. तो पेटीबाहेरच हवा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवरचा रंग लाखेचा असतो, आणि लाख उष्णतेने मऊ पडते. पश्चिमेच्या खिडकीसमोरची जागाही त्याच कारणाने बाद.

या लाखेला सर्वांत मोठा धोका सॅनिटायझरचा आणि काच पुसायच्या स्प्रेचा. पॉलिशवाले चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतात. तेच खेळण्यावर घडतं, बोटाला रंग लागतो आणि चमक जाते ती जातेच. काचा पेटीबाहेर काढून पुसाव्यात. खेळण्यांना फक्त मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं. कारागीर लाखेला शेवटची चकाकी केवड्याचं सुकं पान घासून देतात, त्यामुळे कोरड्या फडक्याच्या घासण्याने ती बरीच परत येते. अगदी जुन्या, रंग उडालेल्या खेळण्यांना पॉलिशपेपर लावू नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं; भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.

पितळी भातुकलीला चिंच-मीठ दहा मिनिटं, मग धुऊन लगेच कोरडी. कल्हई असलेल्या आतल्या बाजूला चिंच लावू नये. चकचकीत झालेलं भांडं उघड्या हाताने ठेवलं की काही आठवड्यांत बोटांचे ठसे काळे उमटतात, फडक्यात धरावं. तांब्याची घागर मी घासलीच नाही. तिचा तपकिरी रंग यायला वर्षं लागतात आणि घालवायला पाच मिनिटं.

खेळणी चिकटवायची नाहीत, हा नियम पक्का. ग्लू गन आणि दुहेरी टेप रंग उपटतात, तर पोस्टर लावायची निळी पुट्टी कोऱ्या लाकडावर तेलकट डाग सोडते. उभा झारा, सांडशी यांना मसुरीएवढा मेणाचा ठिपका पुरतो. भोवऱ्यासाठी गवंड्यांच्या लेव्हलच्या पारदर्शक नळीची ५ मिमीची चकती कापा. टोकाची आर त्या चकतीत बसवली की भोवरा किंचित कलून स्थिर राहतो आणि चकती दिसतही नाही.

सावंतवाडीच्या फळांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. पारंपरिक कामातलं पांगाऱ्याचं लाकूड मऊ आणि हलकं, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला आवडणारं. फळाखाली पिठासारखा भुसा दिसला तर ते फळ लगेच बाजूला काढून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर गार रंगावर पाणी सुटतं. लाखेच्या खेळण्यांना हा उपाय करू नये, लाख तडकण्याची भीती असते. त्यांच्या भोकात रॉकेलवर आधारित भुंग्याचं औषध सुईने सोडावं आणि वर मेण भरावं.