आमची वाटचाल: गॅस्केट ते मायक्रोवेव्ह शोषक शीट

भोसरी एमआयडीसीत आमचं रबराचं काम जुनं. वडिलांनी मिक्सिंग मिल घेतली ती गॅस्केट आणि ओ-रिंगसाठी. मायक्रोवेव्हशी गाठ पडली एका गिऱ्हाइकामुळे. त्यांचं सर्किट उघडं असताना नीट चालायचं, धातूचं झाकण बसवलं की बिथरायचं. सर्किटमधून निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी डब्यातच आपटत राहायच्या. झाकणाला आतून चिकटवायला त्या शोषणारं रबर हवं होतं.

सुरुवात रबरात कार्बोनिल लोहाची, म्हणजे अगदी बारीक शुद्ध लोखंडाची, पावडर मिसळून केली. आजही तीच शीट सर्वाधिक खपते. जिचं काम तिच्यात भागतं त्या कंपनीला आम्ही महागडं काही सुचवत नाही. त्याहून पातळ शीट हवी, तेव्हा लोह-कोबाल्टचे नॅनोकण. या मिश्रधातूचं संपृक्त चुंबकत्व, म्हणजे त्यात जास्तीत जास्त येऊ शकणारं चुंबकत्व, सुमारे २.४ टेस्ला; फेराइटचं, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासूनच्या चुंबकीय सिरॅमिकचं, साधारण अर्धा टेस्ला किंवा कमीच. ते जितकं जास्त, तितकं चुंबकीय शोषण वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत टिकतं. शिवाय १० गिगाहर्ट्झची लहर लोखंडात एक मायक्रॉनही शिरत नाही. कण मोठा असला तर गाभा नुसता वजनाला राहतो.

खरी कसोटी मिलवर लागली. हे कण ताजे असताना हवा लागली की पेट घेतात, म्हणून नायट्रोजनमध्ये थोडी थोडी हवा सोडून आधी ऑक्साइडचं पातळ कवच धरू द्यावं लागतं. त्यावर सिलिकाचा लेप, नाहीतर कणाला कण टेकून शीट वीजवाहक होते आणि लहर आत न शिरता वरूनच परतते. एवढं करूनही चुंबकच ते, एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. गुठळी फोडायला आमच्या जुन्या मिस्त्रींचा हात लागतो; रोलमधली फट ते डोळ्यांनी जोखतात.

शोधनिबंधातले आकडे बहुतेकदा पॅराफिन मेणात कण मिसळून केलेल्या छोट्या कड्यांचे असतात. ते वाचून कुणी उणे ५० डेसिबल मागतं; हा आकडा शीटवरून परतणारी लहर किती घटली ते सांगतो. उणे १० म्हणजे ९० टक्के शोषण, उणे २० म्हणजे ९९. त्यापुढची आलेखातली खोल दरी एका जाडीला, फ्रिक्वेन्सीच्या एका अरुंद पट्ट्यात येते. शीट किंचित जाड झाली की सरकते. आम्ही पूर्ण एक्स बँडभर, ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ, उणे १०चं बोलतो आणि धातूच्या पत्र्यावर चिकटवून मोजून देतो.

हल्ली गाड्यांच्या ७७ गिगाहर्ट्झ रडारसाठी विचारणा येते. तिथे हे मिश्रधातू चुंबक म्हणून जवळपास निरुपयोगी. त्या ऑर्डरी आम्ही कार्बन घातलेल्या शीटवर घेतो.