हा फ्लॅट घेऊ नका, असं सांगणारा एजंट

पहिल्या एजंटने सॅम्पल फ्लॅट दाखवला, कोल्ड कॉफी पाजली आणि म्हणाला, "आज टोकन दिलं तरच हा रेट." महारेरा नंबर, म्हणजे गृहप्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, विचारला तर म्हणे, "येतोय, प्रोसेसमध्ये आहे." नोंदणीशिवाय प्रोजेक्टची जाहिरातसुद्धा करता येत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याने चेकबुक काढलं होतं. मीच म्हटलं, घरी विचारून सांगतो.

मग मावशीने पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या एका एजंट काकांकडे पाठवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, घर नंतर बघू. हातात पैसे किती?"

पंधरा लाख. बँक साठ लाखांच्या फ्लॅटला 80 टक्के कर्ज देईल, म्हणजे आमचं जमतंय, असा आमचा हिशोब. काकांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडणी केली: आपल्या वाट्याचे 12 लाख, मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी 25 हजार, "आणि माझी दलाली 1 टक्का, 60 हजार." बेरीज 17 लाख 35 हजार. मुद्रांक शुल्क कर्जात धरत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. दलालीचा आकडा न विचारता सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"बावन्न लाखांच्या आत बघा. आणि घर एकट्या तुमच्या नावावर घ्या, बाईमाणसाला 1 टक्का सवलत आहे. कर्जाला साहेब असू देत सोबत." सासूबाईंना हे सांगायला आम्हाला तीन दिवस लागले.

धायरीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला फार आवडला होता. हवेशीर, गॅलरीतून टेकडी. काका जिन्यातच म्हणाले, "हा नको." बिल्डिंगला भोगवटा पत्र, म्हणजे राहायला वापरण्याची सरकारी परवानगी, नव्हतं. शिवाय त्यांनी सोसायटीचा मागच्या वर्षीचा हिशोब मागून घेतला होता. टँकरचा खर्च वॉचमनच्या पगाराहून जास्त. "950 फूट म्हणतायत तो सेलेबल, जिना-लॉबीचा वाटा धरून. घराच्या आतला कार्पेट मोजा, 640 भरेल." मालक त्यांच्याच ओळखीचा होता. सौदा झाला असता तर दोन्हीकडून दलाली मिळाली असती.

काका देवमाणूस वगैरे नव्हेत. त्यांनी सुचवलेला वकील मी नाकारला, तर आठवडाभर फोन उचलेनात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि कर्जाच्या जुन्या नोंदींचा तपास, मी माझ्या वकिलाकडूनच काढला, आणि बरं झालं: शेवटी पसंत पडलेल्या 52 लाखांच्या फ्लॅटवर मालकाचं जुनं कर्ज होतं. ते फिटलं होतं, पण बँकेचा बोजा, म्हणजे फ्लॅटवरच्या हक्काची नोंद, कागदावर तसाच होता. तो उतरवायला महिना गेला. काकांच्या नजरेतून हे कसं सुटलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठे झाले. पैशांचा तपशील वाचताना मालक भडकले, "52 हजार कमी का?" पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, घर घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, हे काकांनी त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन समजावलं. दोन कटिंग झाले. आत आल्यावर मालकांनी मलाच विचारलं, "मग ते टीडीएस भरल्याचं प्रमाणपत्र कधी देताय?"