साबण डोळ्यांत गेल्यावर

परवा दुपारी न्हाणीघर घासायला घेतले आणि खिडकीच्या कट्ट्यावरच्या सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या, तेव्हा दाढीच्या फेसाचा डबा जिथे उभा असे तिथे गंजाचे एक वर्तुळ उमटलेले दिसले. कडेला गडद, आत फिकट तांबूस आणि मधोमध स्वच्छ पांढरी फरशी. पत्र्याच्या डब्याची बुडाची कड कधी वाळतच नाही, त्यामुळे गंज तिथूनच धरतो, हे काही नवे नव्हे. मला नवल वाटले ते वर्तुळाच्या रेखीवपणाचे. कट्ट्यावरची प्रत्येक बाटली रोज इकडून तिकडे होत असताना हा डबा मात्र बोटभरही हलला नव्हता. आमच्या घरात तो कुणी पाहून ठेवत नाही आणि पाहून उचलतही नाही. हाताला त्याची जागा पाठ झालेली आहे.

लहानशा न्हाणीघरात कमी खर्चात जागा कशी करावी, याची जी चित्रे आपण पाहतो ती सगळी डोळ्यांसाठी काढलेली असतात. एकसारख्या बरण्या, वेताच्या टोपल्या, गुंडाळून रचलेले टॉवेल. ही खोली प्रत्यक्षात वापरली जाते ती ओल्या, निसरड्या हाताने आणि निम्मा वेळ डोळे मिटून. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना डोळे उघडले तरी फारसा लाभ होत नाही, कारण चष्मा बाहेर राहिलेला असतो आणि शाम्पू व कंडिशनर जुळ्या भावंडांसारखे एकाच आकाराच्या बाटल्यांतून समोर उभे असतात. जपानमधल्या काओ या कंपनीने १९९१ साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बोटांना जाणवतील अशा खाचा दिल्या, त्या दृष्टिहीनांना बाटली ओळखता यावी म्हणून; पुढे तिथल्या इतर उत्पादकांनीही तीच खूण स्वीकारली. तोंडाला फेस लागलेल्या अवस्थेत आपण सगळेच त्या सोयीचे लाभार्थी असतो. आमच्याकडे खाचांची बाटली मिळत नाही, म्हणून मी शाम्पूच्या बाटलीला जाडसे रबर गुंडाळून ठेवतो. घरातल्यांना ते गबाळे दिसते, पण उपयोग सगळेच करतात.

लहानपणी आमचे न्हाणीघर इतके अरुंद होते की केस चोळताना दोन्ही कोपरे दोन्ही भिंतींना लागत. सामान ठेवायला भिंतीतला एकच कोनाडा होता. डाव्या हाताला साबण, उजव्या हाताला वज्री, आणि मागच्या अंगाला दात घासण्याचे साहित्य, अशी त्याची वाटणी मोठ्या माणसांनी कधीकाळी करून ठेवलेली होती आणि ती मोडण्याची मुभा पाहुण्यांनाही नव्हती. साबण डोळ्यांत गेला की हात भिंतीवरून सरकत कोनाड्याच्या थंडगार कडेशी पोचे आणि तिथून पुढे वाट आपोआप सापडे. कुणी धांदरटपणे वज्री साबणाच्या जागी ठेवली, तर पुढच्याचा ओरडा बाहेरपर्यंत ऐकू येई. ओला साबण चुकून गालाला लागला तर काही बिघडत नाही, वज्रीचे तसे नसते.

हल्लीच्या अर्ध्या विटेच्या भिंतीत असा कोनाडा कोरता येत नाही. मग बाहेरून फळी लावणे आले. माझे ठाम मत असे की ही फळी दहा-बारा सेंटिमीटरहून खोल असू नये. बाटल्यांची जाडी बहुधा सहा-सात सेंटिमीटरच असते, तेव्हा तेवढ्या खोलीत एक रांग नीट बसते. फळी रुंद केली की मागे दुसरी रांग तयार होते, आणि मागच्या रांगेत गेलेली वस्तू विस्मृतीत गेली असे समजावे. तिच्यापर्यंत पोचताना पुढच्या दोघी पडतात ते वेगळेच. कमरेपासून डोळ्यांपर्यंतचा भिंतीचा पट्टा ओल्या हाताचा. तिथे रोजच्या चार वस्तू असाव्यात, एवढेच. कोरडा साठा, जादा साबण, कागदाची गुंडाळी, हे सगळे दाराच्या चौकटीवर एक फळी ठोकून तिथे चढवावे. दारावरची ती रिकामी भिंत बहुतेक घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही. औषधे मात्र या खोलीत वरही नकोत आणि खालीही नकोत, कारण वाफ आणि दमट उष्णता यांनी ती लवकर बिघडतात.

फळीसाठी भिंतीला भोक पाडायचे नसेल तर लोक रबरी चोषकांच्या, म्हणजे दाबून चिकटवायच्या चकत्यांच्या, जाळ्या आणतात. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके या जर्मन शास्त्रज्ञाने तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढून घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंनी जुंपलेल्या घोड्यांनाही ते विलग करता आले नाहीत. बाहेरच्या हवेच्या त्याच दाबावर सहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीने, कागदावरच्या हिशेबाप्रमाणे, जवळजवळ २९ किलोचा ओढा सोसायला हवा. पण चकतीच्या कडेखाली फरशीचा सांधा आला किंवा साबणाचा थर राहिला की तिथून हवा गुपचूप आत शिरते, आणि जाळी बाटल्यांसह कोसळते ती नेमकी रात्री. गुळगुळीत, पुसून कोरड्या केलेल्या फरशीवर एखादा स्पंज टांगण्यापुरतेच तिचे काम आहे.

भोक पाडणेच शेवटी स्वस्त पडते. फरशीवर चिकटपट्टीची फुली चिकटवून तिच्या मध्यावर टाइलचे बिट टेकवावे, म्हणजे ते घसरत नाही; ड्रिल यंत्राचा हातोडा, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवून सावकाश आत जावे; आणि नळाच्या सरळ रेषेत वर-खाली कुठेही भोक पाडू नये, कारण आतला पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. स्क्रू धरून ठेवणारा प्लग बसवण्यापूर्वी भोकात थोडे सिलिकॉन भरले तर पाणी भिंतीत मुरत नाही.

एका बाबतीत मात्र मी काटकसर ऐकून घेत नाही. पाय घसरतो तेव्हा हात जे जवळ असेल ते धरतो. समोर चोषकाची जाळी आहे, टॉवेलचा पोकळ दांडा आहे की दोन भिंतींमध्ये ताणून बसवलेली सळई, हे पाहायला तेव्हा सवड नसते, आणि यांपैकी एकही माणसाचा भार पेलण्यासाठी बनवलेले नसते. मुठीत नीट मावेल असा, कमरेच्या किंचित वर, पक्क्या भिंतीत स्क्रूने आवळलेला आधाराचा दांडा वेगळाच लागतो, मग घरात कुणी वयस्क असो वा नसो. आमच्याकडे तो या आठवड्यात बसतो आहे. त्यात या खेपेचे पैसे संपतील, तेव्हा नवी फळी पुढच्या महिन्यात. तोवर बाटल्या बादलीत राहतील.