तुमचं कुठलं?

त्या दिवशी लालबागहून निघताना लॅपटॉपबरोबर एका गेमच्या कव्हरसाठी काढलेल्या चित्राचा ए-थ्री प्रिंटही पिशवीत घातला होता. तो न्यायची खरं तर काही गरज नव्हती. पण तीन आठवडे त्या चित्रात गेले होते आणि ते कुणाला तरी कागदावर दाखवावं असं फार वाटत होतं.

गेमचं नाव 'उधाण'. बनवणारी दोघं, एक मुलगा कोड लिहिणारा आणि एक मुलगी कथा-संगीत बघणारी. ऑफिस म्हणजे विक्रोळीला कन्नमवार नगरात त्या मुलाचं घर, बाहेरची खोली. गेम वरळी कोळीवाड्यात घडतो, नारळी पौर्णिमेच्या रात्री. भरतीचं पाणी गल्ल्यांमध्ये शिरतंय आणि एक कोळीण कंदील घेऊन दारोदार लोकांना उठवतेय, जाळी वर काढतेय, होड्यांचे दोर आवळतेय. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी नुकतीच संपलेली, म्हणजे सगळ्या वस्तीचा पैसा त्या जाळ्यांत अडकलेला. ही गोष्ट मला ऐकताक्षणी आवडली होती. आमच्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस बातम्यांत वाचतच माणूस मोठा होतो.

स्टीमवर, म्हणजे कंप्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेमचं पान टाकायचं, तर त्यासाठी कव्हर लागतं. तिथे त्याला 'कॅप्सूल' म्हणतात. मी काढलेल्या चित्रात कोळीण होती, होड्या होत्या, किल्ल्याची भिंत, चंद्र, लाटा, वाळत घातलेली जाळी, पायऱ्यांवर बसलेलं मांजर आणि मागे दाटीवाटीची घरं. नाव वरच्या बाजूला, ब्रशने लिहिल्यासारखं, आणि त्याखाली बारीक अक्षरात उपशीर्षक. मोठ्या पडद्यावर ते खरंच सुंदर दिसायचं. अजूनही मी तसंच म्हणेन.

दोघांनाही आवडलं. मुलाला कॉलेजच्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाची पट्टी कोपऱ्यात हवी होती, ती मी नाही म्हणून सांगितली. स्टीमने 1 सप्टेंबर 2022 पासून कॅप्सूलवर फक्त चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालेल असा नियम केलाय. पुरस्कार, समीक्षेतली वाक्यं, सवलतीची जाहिरात यातलं काहीच चालत नाही. तो विषय दोन मिनिटांत संपला.

मग त्याने स्टीमच्या शोधयादीचा स्क्रीनशॉट घेतला आणि मधल्या एका ओळीत आमचं चित्र लहान करून बसवलं, खऱ्या दुकानात कसं दिसेल ते बघायला. तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. काकूंना गेममधलं काही कळत नाही, पण मुलगा दोन वर्षं कशावर जागतोय याची त्यांना उत्सुकता होती. चष्मा लावून त्या लॅपटॉपपाशी वाकल्या. वरपासून खालपर्यंत यादी बघितली. पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली.

"यात तुमचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

ते त्यांच्या नाकासमोर होतं, चौथ्या ओळीत. मुलाने बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे होय? मला वाटलं ही जागा रिकामी आहे."

कुणी काही बोललं नाही. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून घेतला आणि त्यांच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. आणि दिसलं. स्टीमच्या पानाचा रंग गडद निळा आहे. माझी रात्र गडद निळी, समुद्र गडद निळा, कडेची घरं जवळजवळ काळी. त्यामुळे चित्राला कडाच उरल्या नव्हत्या. ते पानात विरघळून गेलं होतं. मधे चंद्राचा एक पांढुरका ठिपका आणि बाकी सगळा चिखल. नावाच्या ब्रशच्या रेघा तुटून गेलेल्या, उपशीर्षक म्हणजे नुसती धूळ.

तीन आठवडे मी ते चित्र पडद्यावर हातभर मोठं करून बघत होते. ते विकलं जाणार कुठल्या मापात, हे एकदाही बघितलं नव्हतं. छोटं कॅप्सूल 462 बाय 174 पिक्सेलचं द्यायचं असतं, पण काही ठिकाणी ते 120 बाय 45 एवढंच दिसतं. म्हणजे लॅपटॉपवर करंगळीच्या दोन पेरांएवढं. तेवढ्या जागेत कोळीण नाही, मांजर नाही, किल्ला नाही. तिथे एखादीच गोष्ट मावते.

मला तेव्हा आमच्या करी रोड स्टेशनची पाटी आठवली. पिवळ्यावर काळी अक्षरं. फलाटावर कितीतरी जाहिराती असतात, पण धावत्या गाडीतून वाचता येते ती पाटीच. आयुष्यभर ती बघतेय आणि कामात कधी वापरली नाही, याची त्या संध्याकाळी फार खंत वाटली.

पान दुसऱ्या दिवशी तपासणीला पाठवायचं त्यांचं ठरलं होतं. तारीख पुढे ढकलूया असं ती मुलगी म्हणाली. मी म्हटलं, आजची रात्र मला द्या. घरी फोन केला आणि तिथेच बसले.

पहिलं काम म्हणजे चित्र काळं-पांढरं करून बघितलं. रंग काढल्यावर उजेड-अंधाराचं खरं रूप कळतं, आणि माझ्या चित्रात सगळंच एका पातळीचं करडं होतं, चंद्र सोडून. पण चंद्र हा गेमचा नायक नाही. मग मुलाला विचारलं, खेळताना डोळा कशावर असतो? तो लगेच म्हणाला, "कंदिलावर, ताई. कंदिलाच्या उजेडात येईल तेवढंच दिसतं."

मग सगळं पुसलं. कोळिणीचा चेहरा आणि कंदील धरलेला हात, एवढंच घेतलं, अगदी जवळून. उजेड खालून येतो, म्हणून हनुवटी, गाल आणि कानातलं सोनं उजळलेलं, कपाळ अंधारात. अर्धं चित्र कंदिलाच्या पिवळ्या-नारिंगी उजेडाने भरलं आणि तो उजेड थेट कडेपर्यंत नेला, म्हणजे निळ्या पानावर चौकट आपोआप उठून दिसेल. हातावर सर्वांत जास्त वेळ गेला. कडीत अडकलेली चार बोटं, बांगड्या मनगटावरून मागे सरकलेल्या, आणि करंगळीला जाळीच्या दोऱ्याने पडलेला जुना वण. वण लहान आकारात दिसणार नव्हता हे मला माहीत होतं. तरी काढला, कारण मोठ्या आकारात कुणीतरी तो बघणार होतं.

रात्री एकच्या सुमाराला खरी चूक सापडली. मी एकच चित्र काढून सगळ्या मापांत कापत होते. मुख्य कॅप्सूल 1232 बाय 706, उभं 748 बाय 896, आणि ते छोटं तर लांबट पट्टीसारखं. एकाच मापाचा झगा घरातल्या सगळ्यांना कसा होईल? म्हणून प्रत्येक माप वेगळं मांडलं. आडव्यात चेहरा डावीकडे, नाव उजवीकडे. उभ्यात नाव वर, कंदील खाली. आणि छोट्यात चेहरा काढूनच टाकला. तिथे फक्त नाव, जवळजवळ पूर्ण पट्टी भरून, आणि त्याच्या शेवटच्या अक्षराला टेकलेला कंदील. उपशीर्षक सगळीकडून गेलं. नावाची ब्रशची रेघ सोडून जाड, भरीव अक्षरं घेतली.

स्टीमवर नाव रोमन लिपीत होतं. पण इच.आयओ या गेमच्या दुसऱ्या साइटवरच्या पानासाठी, तिथे कव्हर 630 बाय 500 चं लागतं, मी देवनागरीचा हट्ट धरला. लहान आकारात देवनागरी अवघड जाते. वरच्या वेलांट्या आणि मात्रा, खालचे उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे मधलं अक्षर बारीक होतं, आणि जोडाक्षरं तर गोळाच होतात. 'उधाण' या शब्दात शिरोरेषेच्या वर काहीच जात नाही, खालीही काही लोंबत नाही. जाड शिरोरेषा आणि खाली तीन ठसठशीत अक्षरं. 'ध'ची गाठ तेवढी मी मोकळी केली. असं नाव दुसऱ्यांदा मिळेल असं वाटत नाही.

पहाटे साडेचारला स्क्रीनशॉटमध्ये नवी पट्टी बसवली. मी खुर्चीवरून उठून खोलीच्या दारापर्यंत मागे गेले आणि डोळे किलकिले केले. पिवळा ठिपका दिसला, त्याशेजारचं नाव वाचता आलं. सहाला काकू पाणी भरायला उठल्या. मुलाने त्यांना काही न सांगता लॅपटॉप पुढे केला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "हा कंदीलवाला ना?" एवढं म्हणून त्या मोरीकडे गेल्या.

आधीचं चित्र वाया गेलं नाही. गेम घेतलेल्या माणसाच्या लायब्ररीत वरच्या बाजूला एक लांबरुंद चित्र लागतं, 3840 बाय 1240, त्यावर अक्षर एकही चालत नाही. तिथे तो सगळा कोळीवाडा बसला. खिडकीच्या आकाराप्रमाणे कडा कापल्या जातात, म्हणून कोळिणीला मधे घेतलं, चंद्र थोडा सरकवला, रात्र एक छटा उजळ केली. वाळत घातलेल्या जाळीची वीण मोठ्या आकारात खोटी दिसत होती. ती मी पुढच्या रविवारी वरळीला जाऊन, खरी जाळी समोर ठेवून, पुन्हा काढली.