कोल्हापुरात नौदल दिन : सगळं जमलं, अडलं ते स्पीकरच्या परवान्यावर

4 डिसेंबरचा कार्यक्रम कोल्हापुरात उघड्यावर करायचा, तर नौकेची प्रतिकृती, नकाशा, वक्ते, खुर्च्या हे सगळं तालमीच्या पोरांच्या जिवावर उभं राहतं. मैदानाचं भाडं आणि अनामत भरली की पावती मिळते. विजेची तात्पुरती जोडणी आणि अग्निशमनची ना हरकत हीही कामं सरळ होतात. पण ध्वनिक्षेपकाच्या परवान्यानं आम्हाला जे हेलपाटे घालायला लावले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

ज्या कार्यालयात अर्ज दिला, तिथं कार्यक्रमाचा प्रकार विचारतात. गणेशोत्सव, नवरात्र, जयंती, लग्न, मिरवणूक. नौदल दिन यात कुठंच बसत नाही. पहिला प्रश्न आला, "सरकारी कार्यक्रम हाय का?" नाही म्हटलं, तर "मग नौदलाचं पत्र आणा." 4 डिसेंबर 1971 ला आपल्या नौदलानं कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण जागवायला नागरिकांनी नौदलाचं पत्र कशासाठी आणायचं, याचं उत्तर तिथं कुणाकडंच नव्हतं. शेवटी अर्ज नव्यानं लिहिला आणि प्रकार टाकला 'जाहीर सभा व प्रदर्शन'. तेव्हा कुठं कागद पुढं सरकला. तुम्ही पहिल्यापासून हेच लिहा. 'रॅली' हा शब्द तर कुठंही येऊ देऊ नका. तो आला की मार्गाचा नकाशा, वळवायची वाहतूक, स्वयंसेवकांची यादी असं सगळं मागतात आणि अर्ज भलत्याच टेबलावर जातो.

पुढचा अडथळा याहून वाईट. जागेचा अंतिम आदेश असल्याशिवाय स्पीकर नाही, आणि स्पीकरचा परवाना असल्याशिवाय जागेचा अंतिम आदेश नाही. दोन्हीकडं हेच ऐकायचं. यातून बाहेर पडायचा रस्ता एकच. जागेच्या खात्याकडून "संबंधित विभागांच्या परवानगीच्या अधीन राहून" असं सशर्त पत्र मागायचं आणि तेच दुसरीकडं जोडायचं. असं पत्र देता येतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जावा, बघतो" म्हणाले, तरी शिक्का घ्याच. त्या क्रमांकाशिवाय पुढच्या वेळी अर्ज सापडतच नाही.

मग वेळेचा प्रश्न. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांत 4 डिसेंबर आहे असं धरून कार्यक्रम आखू नका. आमच्या पोरांचा आग्रह होता की पहिलं क्षेपणास्त्र सुटलं त्याच वेळेला जयघोष करायचा. पण ते सुटलं रात्री साडेदहानंतर! हा मुद्दा अर्जात घातलात तर अर्ज तिथंच थांबतो. उघड्यावरचा भाग साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवा आणि पावणेदहाला वायरी काढायला घ्या. हल्ल्याची वेळ साधायचीच असेल, तर तो भाग बंदिस्त सभागृहात ठेवा. आवाज आतल्या आत राहत असेल, तर सभागृहाला नियमात मोकळीक आहे. मात्र सभागृह रात्री किती वाजता बंद करतात ते आधी विचारा. दिवसाची मर्यादा निवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र धरतात, म्हणून दसरा चौकाचा विचार करताना सीपीआर या सरकारी रुग्णालयापासूनचं अंतर आधी मोजा. अर्जाला हातानं काढलेला नकाशा जोडा आणि त्यावर कर्ण्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते बाणानं दाखवा. या एका कागदानं निम्मे प्रश्न मिटतात.

आता प्रतिकृतीचं. कराचीवर हल्ला करणाऱ्या निपात, निर्घात आणि वीर या तिन्ही ओसा-1 या सोव्हिएत वर्गातल्या क्षेपणास्त्र नौका. लांबी साधारण 38.6 मीटर, म्हणजे विसास एक प्रमाणात 1.93 मीटर, सव्वासहा फुटांहून थोडी जास्त. सांगाडा 6 मिलीमीटर प्लायचा, वरची बांधणी जाड पुठ्ठ्याची. थर्माकोल वापरू नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. क्षेपणास्त्रांच्या पेट्या चार, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि त्या चौकोनीच हव्यात. गोल नळकांडी असलेलं छायाचित्र मिळालं तर ते ओसा-2 चं, आपल्या कामाचं नाही. पुढं आणि मागं 30 मिलीमीटरची एकेक जोडतोफ.

निशाणावरून तर मांडवात हमखास वाद होतो. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या निशाणावर आला 2 सप्टेंबर 2022 ला. कोल्हापुरात तो लावायचा मोह होणारच, आणि तो स्वागतफलकावर जरूर लावा. 1971 च्या नौकेवर मात्र तेव्हाचंच निशाण हवं : पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा.

निवेदकाला कागद लिहून द्या, कारण नावांची सरमिसळ फार होते. ट्रायडेंट म्हणजे कराचीवरच्या हल्ल्याची मोहीम, 4 डिसेंबरच्या रात्रीची, नेतृत्व कमांडर बबरू भान यादव यांचं, सोबत किल्तान आणि कच्छल या युद्धनौका. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. आपल्या क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला कमी, म्हणून त्यांना सौराष्ट्राच्या बाजूनं पुढं नेऊन अंधारात सोडलं. केमारीच्या तेलटाक्यांवर दुसरा मारा 8 डिसेंबरच्या रात्री झाला, त्या मोहिमेचं नाव पायथन, क्षेपणास्त्र नौकेचं नाव 'विनाश'. आपली युद्धनौका खुकरी बुडाली 9 डिसेंबरला दीवजवळ; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यांना श्रद्धांजली वाहायचीच, पण खुकरी ट्रायडेंटमध्ये बुडाली असं माईकवरून जाता कामा नये.

एक राहिलं. माजी नौसैनिकांना बोलावण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पत्र द्या. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्यामुळं डिसेंबर उजाडला की तिथली माणसं त्या कामात गुंततात. बुजुर्गांच्या खुर्च्या कर्ण्यांपासून लांब, व्यासपीठाच्या डाव्या-उजव्या बाजूला मांडा. अनामतीची मूळ पावती खजिनदाराकडंच ठेवा, मैदान साफ करून दाखवल्यावर परताव्यासाठी तीच लागते, झेरॉक्स चालत नाही.